हात वालात असेपर्यंत

सोललेले वाल बाजारात मिळतात, मला माहितीये. दादर स्टेशनबाहेर, पार्ल्याला, गिरगावात, भिजवून मोड आणून सोलून छोट्या पिशव्या बांधून ठेवलेल्या असतात, घरी आणायच्या, धुवायच्या, फोडणीत टाकायच्या की झाली डाळिंब्यांची उसळ. ऑफिसच्या दिवसात मीपण त्याच आणते. पण रविवारचे वाल आमच्याकडे घरीच सोलतात आणि त्याचं कारण चव नाही, चवीत काडीचा फरक पडत नाही (सासूबाई म्हणतात पडतो, म्हणू देत). कारण एवढंच की वाल सोलायला घेतल्याशिवाय आमच्या घरात चार माणसं एका जागी बसत नाहीत.

तयारी मात्र दोन दिवस आधीपासून लागते. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, सकाळी पाणी काढून पंचाच्या फडक्यात घट्ट बांधून ठेवायचे. मे महिन्यात मुंबईच्या चिकट हवेत पुरचुंडीला काही सांगावं लागत नाही, रात्रीपर्यंत मोड डोकावतात, एरवी शिव्या खाणारी ही हवा या एका कामाला बरी. जानेवारीत मात्र वाल रुसून बसतात, मग पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये नाहीतर कणकेच्या डब्यामागे जाते आणि जो येतो तो उघडून बघतो, ते केलं की मोड अजून उशिरा येतात पण ऐकतंय कोण. मग रविवारी सकाळी कोमट पाण्यात टाकायचे, सालं सुटी होतात, आणि परात हॉलच्या मधोमध जमिनीवर. डायनिंग टेबलावर नाही. टेबलावर का नाही माहीत नाही, पण टेबलावर वाल सोलणारं घर मी तरी बघितलेलं नाहीये.

सोलायचं म्हणजे काय तर दाणा दोन बोटांत धरायचा आणि हलकेच दाबायचा, सुळकन बाहेर येतो. जोरात दाबलात तर सोफ्याखाली. नवरा जोरात दाबतो. त्याच्या बाजूचा सोफा सरकवला की आठवड्याचा हिशोब निघतो. लेक एकेक दाणा हातात घेऊन त्याचे दोन भाग होणार नाहीत अशा बेताने सोलते, तिची वाटी भरायला पाऊण तास लागतो पण सगळे दाणे अख्खे. आणि सासूबाईंचं बघण्यासारखं असतं, त्या परातीकडे बघतच नाहीत, समोर टीव्ही, नाहीतर खिडकीतून खाली गाडी लावणाऱ्या माणसाला सूचना, आणि हात आपले चालूच, आमच्या तिघांच्या मिळून होतील तेवढ्या डाळिंब्या त्यांच्या एकटीच्या पातेल्यात.

यातली खरी गंमत मला फार उशिरा कळली. वालाच्या पाण्याने बोटं बुळबुळीत होतात आणि वासही असा उग्र की त्या हाताने फोन उचलावासा वाटत नाही, उचललाच तर स्क्रीन ऐकत नाही. म्हणजे चार माणसं, हात गुंतलेले, तोंडं रिकामी, आणि मुख्य म्हणजे कोणाला कोणाच्या डोळ्यात बघायची गरज नाही, सगळ्यांच्या नजरा परातीत. माणूस अशा वेळेला बोलतो हो. लेकीला आर्ट्स घ्यायचंय हे तिने आम्हाला समोर बसवून कधीच सांगितलं नसतं, दहावीनंतर एकदा वाल सोलता सोलता ती सहज म्हणाली, आणि बाबाला काय वाटलं ते कळायला चेहरा दिसला नाही, फक्त एक दाणा सोफ्याखाली गेला. सासऱ्यांची गिरणी संपात बंद पडली तेव्हा घर कसं चाललं, कोणी किती दिवस उधार दिलं, हे सगळं मी परातीभोवती ऐकलेलं. १९८२चा संप हा आमच्या घरात कधीच वेगळा विषय म्हणून निघत नाही, कोणी विचारलं तर सासूबाई दोन वाक्यांत आटपतात. पण हातात वाल असले की त्या संपातला एखादा दिवस सकाळच्या चहापासून सांगतात.

हेच लेडीज डब्यात बघा. संध्याकाळच्या गाडीला ठाणं सुटलं, जरा बूड टेकायला जागा झाली की पिशव्या निघतात, कोणी मेथी निवडतंय, कोणी फरसबीच्या शिरा काढतंय, थंडीत मटार. शेजारची बाई ओळख ना देख, मूठभर शेंगा उचलते आणि सोलायला लागते, आणि डोंबिवली येईपर्यंत तुम्हाला तिच्या जावेचा स्वभाव पाठ झालेला असतो. आता याला आनंद म्हणताना मला थोडं जपून बोलावंसं वाटतं. ती मेथी गाडीत निवडली जाते कारण घरी गेल्यावर त्या बाईला वेळ नसतो. आणि दादरला पिशव्या बांधून बसणारी मावशी, तिच्या बोटांची सालं निघालेली असतात, मी बघितलीयेत. माझी रविवारची करमणूक ही तिची मजुरी. कंटाळा आला की परात सरकवून उठायची मुभा मला आहे, मजा त्या मुभेतच असावी बहुतेक. म्हणून एरवी तिच्याकडे भावात घासाघीस करायची नाही एवढं मी ठरवून टाकलंय, सासूबाई अजूनही करतात.

उसळीवरून मात्र आमच्याकडे दरवेळी तंटा. माझ्या माहेरी बिरडं, म्हणजे कांदा लसूण खोबरं, श्रावणी सोमवारी संध्याकाळी उपास सोडायला बिरडं नसेल तर आईला सोमवार झाल्यासारखं वाटायचं नाही (त्या दिवशी अर्थात कांदा लसूण बाद). सासरी डाळिंब्या, हिंग जिऱ्याची फोडणी, गूळ, आमसूल, वरून ओलं खोबरं कोथिंबीर. एका बाबतीत दोन्ही घरं एकमताची, शिजताना डाव घालून ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही कानांना धरून हलवायचं, नाहीतर एवढे सोललेले अख्खे दाणे पिठलं होऊन बसतात. नवरा ढवळतो. सोमवारी डब्यात उरलीसुरली उसळ आणि पोळी, ती आदल्या दिवसापेक्षा चांगली लागते असं ऑफिसातल्या सगळ्यांचं मत.

दुपारी परात उचलली की दोऱ्याचा डबा येतो, बिस्किटांचा निळा पत्र्याचा डबा, त्यात बिस्किटं कोणीच कधी बघितलेली नाहीत. सासूबाई क्रोशावाल्या. त्यांच्या लग्नाच्या रुखवतात क्रोशाच्या टोपल्या होत्या म्हणे, ताठ उभ्या राहाव्यात म्हणून साखरेच्या पाकात बुडवून वाळवलेल्या, आणि कार्यालयात टोपल्या बघायला पाहुण्यांच्या आधी मुंग्या आल्या. नंतर टीव्हीवर रुमाल, फ्रिजच्या दांडीला कव्हर, दाराला तोरण, चाळीतल्या त्या दीड खोलीत झाकायला काही उरलं नाही तेव्हा शेजाऱ्यांचं झाकायला घेतलं. मी सून म्हणून आले तेव्हा मला हे सगळं भयंकर जुनाट वाटायचं, एकेक करून मी काढून माळ्यावर टाकलं, त्यांनी एक शब्द काढला नाही.

आणि आता लेक व्हिडिओ बघून क्रोशा शिकलीय! सूर्यफुलं, केसांच्या क्लिपा, टोप्या, कॉलेजात म्हणे सगळ्यांना हवंय. ती व्हिडिओ थांबवत थांबवत, कागदावर मोजत करते. आजी व्हिडिओ बघत नाही, तयार वस्तू हातात घेते, उलटी करते, नखाने खांब, म्हणजे उभे टाके, मोजते, पाच साखळ्या, तीन खांब, आणि संध्याकाळपर्यंत तशीच दुसरी विणून ठेवते, वर म्हणते यात कडेला मुका खांब घातला असता तर गोल आलं असतं. घातला की गोल येतं. माळ्यावरचं तोरण लेकीनेच खाली काढलं, नक्षी बघायला.

परवा तिच्या मैत्रिणीने टोपीची ऑर्डर दिली, सहाशे रुपये ठरलेत. हे कळल्यापासून सासूबाईंचं म्हणणं असं की दोरा माझा, सुई माझी, नक्षी माझ्या तोरणातली, तर तीनशे माझे. लेक म्हणते मजुरीचं काय. दोघी कॅल्क्युलेटर घेऊन बसल्यात आणि सासूबाई शंभरावर यायला तयार नाहीत.