तुम्ही विचारलंत म्हणून: चीनला गेलेल्या डॉक्टरचं एवढं कौतुक कशाला?

डॉ. कोटणीसांबद्दल काहीही लिहिलं की हा प्रश्न हमखास येतो. ६२ झालं, गलवान झालं, आणि तुम्ही अजून चिनी सैनिकांच्या जखमा शिवणाऱ्या माणसाचे गोडवे काय गाताय? राग कळतो मला. पण जरा तारखा बघा ना.

१९३८ साल. तिकडे कम्युनिस्ट राज्य यायला अजून अकरा वर्षं होती, आदल्या वर्षी जपानने चीनवर हल्ला केलेला, जखमींना बघायला डॉक्टर नाहीत म्हणून नेहरूंकडे मदत मागितली गेली, काँग्रेस अध्यक्ष सुभाषबाबूंनी लोकांना आवाहन केलं आणि आपण स्वतःच इंग्रजांचे गुलाम असताना पाच डॉक्टर बोटीत बसले. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तेव्हा अठ्ठावीसचेही नव्हते. म्हणजे कुठल्या सरकारने धाडलेलं नाही, पोस्टिंग नाही, पेन्शन नाही, काही नाही.

आता ७२ तास सलग ऑपरेशनं केल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. खरी आहे, भारीच आहे. पण मला त्यांचं त्यापेक्षा रटाळ वाटणारं काम जास्त मोठं वाटतं. हा माणूस चिनी बोलायला-लिहायला शिकला, आणि नुसता पेशंट तपासण्यापुरता नाही तर त्या भाषेत वर्गात उभं राहून सर्जरी शिकवण्याइतका! तिथेच जखमींवर उपचार करणारे कॅनडाचे डॉ. बेथून १९३९ मध्ये ऑपरेशन करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून गेले, त्यांच्या नावाचं हॉस्पिटल १९४१ मध्ये कोटणीसांकडे आलं. तेही जपानी फौजांच्या पिछाडीला, खेड्यापाड्यात, औषधांची कायम बोंब. तिथे खेड्यातल्या पोरांना हाताशी धरून तयार करायचं, आणि रात्री त्यांच्यासाठी सर्जरीचं पाठ्यपुस्तक लिहायचं. ते पुस्तक अर्धवटच राहिलं. ९ डिसेंबर १९४२ ला फिट्सने गेले, वय ३२, मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा. पण शिकवलेली पोरं राहिली की! आज चीनमधल्या शिच्याच्वांग शहरात कोटणीसांच्या नावाचं मेडिकल स्कूल आहे, ते मला कुठल्याही पुतळ्यापेक्षा जास्त पटतं.



आणि माझं खरं दुखणं वेगळंच आहे. आपण फक्त जो तिथेच वारला त्याचे हार-तुरे करतो, बाकीचे चार कुणाच्या खिजगणतीत नाहीत. डॉ. अटल तर त्याआधी स्पेनच्या युद्धात जखमींची सेवा करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर पाचांत वयाने सगळ्यात मोठे, म्हणजे ज्या वयात लोक प्रॅक्टिस सांभाळून घरी बसतात त्या वयात हे निघाले. कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी आणि डॉ. बसू. त्यातले बसू सगळ्यांत शेवटी, १९४३ मध्ये परतले, आणि पुढे चीनमधूनच अ‍ॅक्युपंक्चर शिकून येऊन त्यांनी ते भारतात रुजवलं. आज अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घेणाऱ्या किती जणांना हे नाव माहिती असेल?

जिवंत परत आले एवढाच काय तो त्यांचा गुन्हा. त्यामुळे कोटणीसांच्या जयंतीला, १० ऑक्टोबरला, तुमच्याकडे भाषण ठेवणार असाल तर ७२ तासांची गोष्ट दोन मिनिटांत उरका आणि उरलेला वेळ या चौघांना द्या. नागपूरकरांनी तरी चोळकरांचं नाव घ्याच.