तांबड्या खुणांचा हिशेब

१२ ऑगस्ट, रात्र

दिवाळी अंकांकडे गेलेल्या कथा शेरे लागून परत यायचे हे दिवस. पान लालेलाल दिसलं की 'आपल्याला लिहिताच येत नाही' असं वाटतं, आणि त्याच तिरमिरीत उत्तर जातं. उत्तर उद्या. आज नुसत्या खुणा मोजायच्या.

पानावर २२ खुणा असल्या तरी चुका बहुधा तीन-चारच, त्याच त्या. मोबाइलवर टंकताना अनुस्वार गळतो: 'केल', 'सांगितल'. 'आणी' तर असतंच. शुद्धलेखनाच्या १९६२ च्या नियमांनी शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ ठरवला, पण 'आणि' आणि 'नि' ऱ्हस्व ठेवले. नियम पाळणाराच तिथे घसरतो. हे काम 'शोधा-बदला'चं. फक्त सरसकट 'केल'चं 'केलं' करू नये, 'केला'चा 'केलंा' होऊन बसतो. 'केल'नंतरची मोकळी जागाही धरून शोधायचं. पूर्णविराम, स्वल्पविरामासाठी वेगळी फेरी.

खरा वेळ उरलेल्या चार-पाच शेऱ्यांना. समजा, 'कोण बोलतंय कळत नाही' असं लिहिलंय. धास्तावलेला लेखक प्रत्येक संवादाला 'सुनंदा म्हणाली' चिकटवतो आणि कथा जड करतो. दुखणं दोन पानं आधीचं असतं: एक सुनंदा, एक सुमन, दोघी 'सु'च्या. सुमनची मालती केली की 'म्हणाली'च्या शेपट्या लागत नाहीत. संपादकांना ठेच लागली ती जागा खरी. दगड कुठला, ते लेखकाने शोधायचं. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती नाकारता येते, ठेच नाकारता येत नाही.

'शेवट भावला नाही' हा शेरा आवडीनिवडीचा. दुसरा वाचक न विचारता तेच बोलला तर हात लावावा, नाहीतर राहू दे.

परिपूर्णतेचा हट्ट सगळ्यात जास्त पहिल्या परिच्छेदावर निघतो. फाइल उघडली की तोच समोर, म्हणून तोच दहादा घासला जातो आणि सहावं पान कच्चंच राहतं. दुरुस्ती शेवटच्या पानापासून मागे करत यावी. मोठ्याने वाचन मात्र सुरुवातीपासून, कागदावर, एका बैठकीत. जीभ अडली तिथे पेन्सिलीची रेघ आणि पुढे.

'पण'चं 'मात्र' झालं, 'मात्र'चं पुन्हा 'पण' झालं, की फाइल पाठवायची. नावातलं 'अंतिम_३' तेवढं काढून.