आठवड्याचं बिऱ्हाड

रविवारी दुपारी चर्चच्या मागच्या दाराशी ट्रक लागायचा आणि त्यातून गाद्या उतरायच्या. घडीच्या खाटा, पांघरुणांच्या पिशव्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून लिहिलेलं आडनाव. लहान मुलांच्या धर्मशिक्षणाच्या खोल्यांमधली टेबलं आम्ही भिंतीला सारायचो आणि अंधार पडेपर्यंत तिथे तीन-चार बेघर कुटुंबांची बिऱ्हाडं लागायची. पुढच्या रविवारी तोच ट्रक, त्याच गाद्या, दुसरं चर्च.

हे सगळं इथलंच, न्यू जर्सीचं. कॅरन ओल्सन नावाच्या बाईंनी १९८२ साली न्यूयॉर्कमध्ये रस्त्यावरच्या एका बेघर म्हातारीला सँडविच घेऊन दिलं आणि तिच्याशी दोन शब्द बोलल्या. त्यातूनच पुढे १९८६ मध्ये युनियन काउंटीत बेघर कुटुंबांना आसरा द्यायला गावातली चर्च आणि सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) एकत्र आली. आज या संस्थेचं नाव 'फॅमिली प्रॉमिस'. नवी इमारत बांधायची नाही, आहेत त्याच प्रार्थनास्थळांच्या रात्री रिकाम्या पडणाऱ्या खोल्या वापरायच्या, एवढीच युक्ती. दहा-तेरा ठिकाणं मिळाली की प्रत्येकाची पाळी अडीच-तीन महिन्यांतून एकदाच यायची. आमच्या भागात नाताळचा आठवडा सिनेगॉगवाले मागून घ्यायचे. चर्चवाल्यांना तेव्हा उसंत नसते. आम्हा मराठी मंडळींकडे जागा नव्हती, म्हणून एका चर्चच्या आठवड्यातली दोन जेवणं आमची.

बेघर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर फुटपाथ यायचा. इथे आलेल्या बहुतेक घरांत कुणी ना कुणी नोकरीला होतं. एक जण तर रात्रपाळीला गोदामात जायचा, त्याची बायको-मुलं चर्चमध्ये झोपायची. पगार चालू, पण नवं घर घ्यायचं तर पहिल्या महिन्याचं भाडं आणि वर दीड महिन्याचं डिपॉझिट एकदम कुठून आणणार? (दीड ही कायद्याने घातलेली कमाल मर्यादा, घरमालक सहसा तेवढं घेतातच.) दिवसा सगळे संस्थेच्या डे सेंटरवर. तिथे आंघोळ, कपडे धुणं, पत्रं यायला एक पत्ता आणि घर शोधायला मदत करणारी सोशल वर्कर. मुलांची शाळा मात्र बदलत नाही. बेघरांसाठीच्या १९८७ च्या मॅककिनी-व्हेंटो कायद्याने तो त्यांचा हक्क आहे.

मला सारखे आजोबा आठवायचे. पुण्यात वार लावून शिकले ते. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. एका घरावर भार नको, ही तीच युक्ती. पण आजोबा हेही सांगायचे की गुरुवारच्या घरी त्यांनी कधी दुसऱ्यांदा भात मागितला नाही. वाढणाऱ्या बाई प्रेमळ होत्या तरी. त्यामुळे आमच्यातले काही जण "किती छान व्यवस्था!" म्हणून फोटो काढायला निघाले, तेव्हा मी जरा खेकसलेच.

दर आठवड्याला गाद्या गुंडाळणं मुलांना सोपं नव्हतंच. कोविडमध्ये हे फिरणं थांबलं आणि पुढे पुष्कळ ठिकाणी कुटुंबांना एकाच जागी ठेवायला लागले. चर्चवाले आता डबे पोचवतात. मला हे जास्त पटतं, जरी आमच्या त्या स्वयंपाकघराची आठवण येते.

तिथलीच एक संध्याकाळ. मी पिवळं वरण, भात आणि बटाट्याची बिनतिखटाची भाजी घेऊन गेले होते. सात वर्षांच्या एका मुलाने वरणाकडे संशयाने पाहिलं आणि भातावर नुसतं बटर घेतलं. मी वाढायला उभी राहिले तर त्याची आई उठून आली. दीड महिना झाला, म्हणाली, कुणाला काही वाढलेलं नाही. माझ्या हातातला डाव तिने काढून घेतला. "तुम्ही बसा."

मी मुलाशेजारच्या बुटक्या खुर्चीत बसले. तिने माझ्या ताटात भाताचा ढीग घातला, वर वरण, आणि पुन्हा विचारलं, अजून?

"घाला," म्हटलं.