लाभ, दोन, तीन

परवा दुपारी इस्त्रीवाल्या पोराला कपडे मोजून देत होतो. "लाभ, दोन, तीन, चार..." पोरगं वहीत लिहिता लिहिता थांबलं. "काका, ह्यातला लाभ कुठला? सदरा का प्यांट?"

खोड जुनी आहे. नोटा, लग्नाच्या पत्रिका, जिन्याच्या पायऱ्या, काही मोजायला घेतलं की 'एक' तोंडात येतच नाही. बायकोला वाटतं मी मुद्दाम करतो. थोडं खरंही आहे.

आमच्याकडं नवरात्राच्या आगंमागं भुईमूग निघायचा. शाळा सुटली की दप्तर सोप्यात टाकून थेट रानात. ओल असेतोवर घाई, कारण रान वाळलं की वेल हातात येतो आणि शेंगा मातीतच राहतात. आई, काकू, आत्या गोल करून बसलेल्या, मधे उपटलेल्या वेलांचा ढीग, ज्याची त्याची बुट्टी. चिमटीत शेंग धरायची, झटका द्यायचा, टक्! तासाभरात अंगठा हुळहुळायचा. कवळ्या शेंगा मात्र बुट्टीपर्यंत पोचायच्याच नाहीत. आत्या म्हणायची, "ह्येच्या बुट्टीला भोक हाय काय बघा गं कुणीतरी."

फूल वर आणि शेंग खाली, हे मला तेव्हा काही केल्या पटत नव्हतं. फूल सुकलं की आऱ्या सुटतात, खाली वाकतात आणि मातीत शिरून शेंग धरतात. त्या नीट शिराव्यात म्हणून आबा पिकावरून रिकामा ड्रम फिरवायचे. त्या ड्रमवर बसून बघायची मला फार हौस होती. एकदा बसलोही. पुढचं सांगत नाही.

दिवस मावळताना जोतिबाच्या डोंगराकडं काळं आलेलं असायचं आणि सगळ्यांचा जीव पोत्यात अडकलेला. आबांना त्याचं काही नाही. पायताण बाजूला काढून ते राशीला हात जोडायचे आणि बुट्टी भरायचे. "लाऽऽभ." मग दोन, तीन. मापं चालू असताना कुणी बोलायचं नाही, म्हशीनं हंबरलेलंसुद्धा त्यांना आवडत नसे. एका वर्षी आठवी बुट्टी पोत्यात पडली आणि मी हुशारी करून मधेच ओरडलो, "आबा, पहिली एक म्हणायची की!" कुणी रागावलं नाही. आबांनी पोतं राशीवर पालथं केलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तेवढ्यात पाऊस आला. भिजलेल्या शेंगा पुढं चार दिवस सोप्यात पसरल्या होत्या आणि येता-जाता प्रत्येकजण माझ्याकडं बघत होता.

पायलीचे चार शेर शाळेत पाठ केले होते, ते आता कुठं लागत नाहीत. लाभ तेवढा राहिला.

काल रात्री आईच्या गोळ्या डबीत भरत होतो. दिवसाच्या सहा. सवयीनं म्हणालो, "लाभ, दोन..."

आईनं कुशीवर वळून माझा हात धरला. "गोळ्यांस्नी एकच म्हण, बाळा."