टाइट एंडची वही: स्नॅपच्या आधी काय काय दिसतं

सध्या अमेरिकन फुटबॉल बघताना चेंडूकडे बघणं जवळजवळ सोडलंय; नजर असते टाइट एंडवर, म्हणजे लाइनच्या टोकाशी राहून कधी ब्लॉक करणाऱ्या, कधी पास झेलणाऱ्या गड्यावर. रीप्ले लावायचा, स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या) क्षणभर आधी थांबवायचा, टाइट एंडकडे बघून वहीत अंदाज लिहायचा: ब्लॉक (समोरच्याला अडवणं) की रूट (पास झेलायला ठरलेल्या वाटेने धावणं). मग पुढे चालू. त्यासाठी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स या संघाचा 2019चा हंगाम घेतलाय.

सुरुवात हातापासून. टॅकलला (लाइनवरच्या शेजारच्या ब्लॉकरला) खेटून थ्री-पॉइंट स्टान्स (एक हात जमिनीला टेकवून वाकणं) घेतलेल्या गड्याचा भार बोटांवर किती आहे? बोटं रुतलेली, टाचा उचललेल्या, वजन पुढे झुकलेलं, म्हणजे समोरच्या डिफेन्सिव्ह एंडवर (बचावाच्या लाइनच्या टोकाच्या गड्यावर) तुटून पडायचा बेत. हात नुसता टेकवलेला असेल तर रूटवर निघेल किंवा पास-ब्लॉकसाठी, म्हणजे पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायला, मागे सरकेल. पुस्तकी नियम झाला हा. पण समोरचा लाइनबॅकरही (बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी) तेच वाचायला बसलेला असतो, त्यामुळे मुरलेला खेळाडू प्रत्येक वेळी सारखाच बसतो. फोर्टीनायनर्सच्या टाइट एंडच्या, जॉर्ज किटलच्या हातावरून मला काहीच कळत नाही. 2018मध्ये पास झेलून 1,377 यार्ड काढणारा हा माणूस रन-ब्लॉकलाही (चेंडू घेऊन धावणाऱ्याला वाट करून देतानाही) तसाच वाकतो. दुसरा नावाजलेला टाइट एंड ट्रॅव्हिस केल्सी, त्याचं कौतुक सगळे करतात, करावंच, पण स्टान्स शिकायला किटलच बरा. केल्सी बराच वेळ स्लॉटमध्ये (लाइन आणि बाहेरचा रिसीव्हर यांच्या मधे) उभाच असतो. उभ्याने सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) नीट दिसतात, रूटवर निघणंही सोपं जातं.

हातापेक्षा जागा जास्त बोलते, असं माझं मत बनत चाललंय. टॅकलपासून दोन-तीन यार्ड बाहेर सरकला की डिफेन्सिव्ह एंडला अडवायचा कोन बिघडतो, म्हणजे रूटची शक्यता वाढली. दुसरी खूण त्याच बाजूच्या वाइड रिसीव्हरची (बाहेर उभ्या पास झेलणाऱ्याची). लाइनवर किमान सात जण हवेत आणि त्यांतले फक्त दोन टोकांचे पास झेलू शकतात. रिसीव्हर एक पाऊल मागे असेल तर टाइट एंड मोकळा. तोही लाइनवर आला तर टाइट एंड 'कव्हर्ड': पुढे पास पडणार असेल तर एक यार्डापलीकडे जाताच येत नाही. अशा वेळी मी डोळे मिटून 'रन' लिहितो. (रेफ्रीकडे जाऊन ‘एलिजिबल’ (पास झेलायला पात्र) म्हणून नोंद करणारे टॅकल हा वेगळाच तमाशा, त्यावर पुन्हा कधीतरी.)

सगळ्यात गंमत स्प्लिट झोन नावाच्या रन-प्लेमध्ये. टाइट एंड लाइनच्या मागून पलीकडे धावत जातो आणि मोकळ्या सोडलेल्या डिफेन्सिव्ह एंडला आडवा येऊन ठोकतो. दोन-चारदा तसं केलं की पुढच्या वेळी तोच रस्ता, पण एंडला चुकवून सरळ फ्लॅटमध्ये (लाइनजवळच्या बाहेरच्या पट्ट्यात), आणि क्वार्टरबॅक बूटलेगवर (रन भासवून चेंडू स्वतःकडेच ठेवत) त्याच बाजूला. प्रशिक्षक काइल शॅनहॅनच्या फोर्टीनायनर्सविरुद्ध एंड बिचारा ठोसा येणार म्हणून अंग आवळून थांबतो, तोवर चेंडू टाइट एंडच्या हातात पडलेला असतो.

आता 12 पर्सोनेल घेतोय: एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), दोन टाइट एंड. टाइट एंड रॉब ग्रॉन्कोव्स्कीने 17 टचडाउन झेलले तो न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचा 2011चा हंगाम डोक्यात आहे. दोघं एका बाजूला आणि दोघं दोन बाजूंना, असं दोन्ही भरपूर दिसणारा सामना कुठला, ते सुचवा.