पुरातलं रिझर्व्हेशन

गाड्या बंद झाल्या की तिकीट खिडकीवर निवांत असेल, असं लोकांना वाटतं. खरं तर गाड्या धावत असतात तेव्हा आम्ही पैसे घेतो, त्या रद्द झाल्या की पैसे द्यावे लागतात. ते आणायचे कुठून, हा विचार खिडकीपलीकडच्या माणसाच्या मनात येत नाही. का यावा?

2019 चा ऑगस्ट, कोल्हापूरचा पूर. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. त्या आठवड्यात पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, व्हीनस कॉर्नरला पाणी, नळाला मात्र थेंब नाही. रुकडीच्या पुलाशी नदी धोक्याच्या खुणेपर्यंत आली आणि रेल्वेही थांबली.

कोल्हापूरची गंमत अशी की हे एकाच दाराचं घर आहे. रूळ इथेच संपतात. बाहेर पडायचं तर मिरजेकडे, दुसरी वाट नाही. 1888 मध्ये या मार्गाचं काम सुरू झालं तेव्हा शाहू महाराज तेरा-चौदा वर्षांचे होते. 1891 मध्ये संस्थानच्या पैशातून मीटरगेज गाडी आली. रुंद रूळ यायला 1971 उजाडलं. वैभववाडीमार्गे कोकणात उतरणाऱ्या लाईनला मंजुरी मिळून वर्षं झाली, पण रूळ अजून कागदावरच आहेत. थोडक्यात, रुकडीचा पूल बंद म्हणजे आम्ही बंद.

तर त्या दिवशी महालक्ष्मी, कोयना, सह्याद्री, हरिप्रिया सगळ्या रद्द. जुलैच्या अखेरीसच महालक्ष्मी वांगणीजवळ पाण्यात अडकली होती आणि हजारावर माणसं बोटींनी काढली होती. त्यामुळे लोक आधीच धसकलेले. खिडकीसमोर रांग पोर्चपर्यंत.

रद्द गाडीचे पूर्ण पैसे परत मिळतात, एक रुपया कापत नाही. ऑनलाईन तिकिटाचे आपोआप खात्यात जातात, कार्डावर काढलेल्याचे कार्डावर. हे समजावण्यात निम्मा दिवस जातो. उरलेल्यांना रोख द्यायची, ती त्याच दिवसाच्या विक्रीतून. आदल्या दिवसाची जमा बँकेत गेलेली असते. रोकड कमी पडली तर शेजारच्या स्टेशनातून मागवतात, आणि ती येते रेल्वेनेच. आता बोला.

वरच्या एका साहेबांनी फोनवर सांगितलं, "ॲडजस्ट करा." ॲडजस्ट! ड्युटीवर बसताना स्वतःच्या पाकिटातले पैसेसुद्धा वहीत लिहावे लागतात. गल्ल्यात दहा रुपये जास्त निघाले तरी व्हिजिलन्स, म्हणजे रेल्वेचं दक्षता खातं, विचारतं कुठून आले. स्वतःचे घालून कुणाला दिले तर पुण्य नाही, चौकशी लागते. बाहेर एटीएम कोरडी, दुकानात दुधाची पिशवी नाही, आणि चारशे रुपये हातात यावेत म्हणून माणसं भिजत उभी. तिकीट रद्द करण्याआधी मी ड्रॉवरमधल्या नोटा मोजत होते. मशीनने एकदा स्लिप छापली की पैसे द्यावेच लागतात.

दुपारी नोटा संपल्या. मी काचेतून तसं सांगितलं. शिव्या पडल्या; त्या गणवेशाला असतात असं समजायचं. लोकांचं म्हणणं एकच, "एवढं मोठं खातं आणि दोन हजार न्हाईत?" उत्तर नव्हतं.

मग सात-आठ जण मागे उभा असलेला एक माणूस रांग सोडून बाजूच्या टेबलाकडे गेला आणि थोड्या वेळाने पुढे आला. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाची, कागद खताच्या पिशवीत गुंडाळलेले. रांगेतल्यांनी त्याला अडवलं. तो म्हणाला, "परत घ्यायला न्हाई ओ, द्यायला आलोय." आणि मला विचारलं, "ताई, हरिप्रियाचं डिसेंबरचं मिळंल न्हवं?"

तेव्हा 120 दिवस आधी बुकिंग सुरू व्हायचं, म्हणजे डिसेंबरचा पहिला आठवडा खुला होता. तिरुपती, स्लीपर, पाच जण, त्यातली एक आजी सवलतीची. त्याने रोख मोजून दिली. त्या नोटा ड्रॉवरमध्ये पडल्या न पडल्या तोच मागून कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं, पैसं आलं!" पुढच्या काही जणांचे पैसे मी लगेच दिले. तो तोवर निघून गेला होता.

संध्याकाळी हिशेब जुळवताना फॉर्म चळतीला लावत होते. रिझर्व्हेशन आणि कॅन्सलेशनचा फॉर्म एकच असतो, हे ज्यांनी भरलाय त्यांना माहीत आहे. त्याच्या फॉर्मवर पत्ता होता आंबेवाडी. गाव पाण्याने वेढलेलं, लोक बाहेर काढलेले. वर कॅन्सलेशनसमोर खूण केलेली, पीएनआरच्या जागी आकडे लिहिलेले, आणि मग सगळ्यावर निळ्या पेनाने गिरगटून काट मारलेली. खाली रिझर्व्हेशन. पेन आमच्याच टेबलावरचं, दोऱ्याने बांधलेलं. ती शाई फिकट असते.

म्हणजे हा माणूस तिकीट रद्द करायला आला होता का? पैसे नाहीत हे ऐकून त्याने बेत बदलला? की पाचही जणांची यात्रा पुराने बुडाली म्हणून पुढची तारीख धरली आणि आमचा ड्रॉवर त्याच्या डोक्यातही नव्हता?

आमच्या सीनियरना दाखवलं. ते म्हणाले, "चुकीच्या रकान्यात भरलं, खोडलं. उगाच माणसाचा देव करू नकोस." त्यांचंही खरं असेल. तीस वर्षं खिडकीवर बसलेल्या माणसाला खोडाखोडच दिसणार. पण बेघर झालेला माणूस खिशातली रोकड चार महिन्यांनंतरच्या प्रवासाला देतो, हे मला अजून पचत नाही. नवस असेल म्हणावं, तर नवसाचं तिकीट पाणी उतरल्यावरही काढता आलं असतं.

डिसेंबरमध्ये त्या तारखेचा चार्ट मी पाहिला. पाचही नावं होती, आजीसकट. गाडीत कोण बसलं ते तेव्हा टीटीईच्या, म्हणजे गाडीत तिकीट तपासणाऱ्याच्या, कागदावर असायचं आणि तो आमच्याकडे येत नसे. सीनियरना सांगितलं तर म्हणाले, "मग? कन्फर्म तिकीट होतं, चार्टात असणारच."