माळ्यावरच्या फ्लॉप्या : आठवडा तिसरा

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जी पत्र्याची पेटी उतरवली, तिच्यातल्या २३ फ्लॉप्यांपैकी ९ वाचून झाल्या. ४ गेल्या. त्यातली एक माझ्या हाताने गेली, ते आधी सांगून टाकतो.

साडेतीन इंची होती, लेबलवर बाबांच्या अक्षरात 'पत्रिका, मे'. वरून ठणठणीत. शटर सरकवून आत बघायला हवं होतं, पण तेवढा धीर कुठला! ड्राइव्हमध्ये घातली, दोन सेकंद खर्रर्र झालं, आणि बाहेर काढली तर चकतीवर गोल ओरखडा. तिथला चुंबकीय लेपच निघालाय. बुरशी. सांगलीतले तीसेक पावसाळे त्या पेटीने माळ्यावर काढलेत, डांबराच्या गोळ्या बुरशीला काय करणार. तीच घाण ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागाला चिकटली. तशीच दुसरी फ्लॉपी घातली असती तर तीही गेली असती. आता आधी शटर उघडायचं, मधला हब बोटाने फिरवत दोन्ही बाजू टॉर्चखाली बघायच्या. पांढरे ठिपके दिसले की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. आणि प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड पुसायचं, कंटाळा आला तरी.

सव्वापाच इंचींचं काम जास्त मजेचं. पाकिटाची वरची कड ब्लेडने कापायची, चकती काढून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात धुवायची, वाळवायची आणि एखाद्या निकामी फ्लॉपीच्या स्वच्छ पाकिटात घालून वाचायची. आईने खिडकीशी मांडलेल्या सहा चकत्या बघितल्या आणि विचारलं, "पापड घातलेस का रे?"

वाचायला ग्रीझवीझल, म्हणजे जुना ड्राइव्ह यूएसबीने कॉम्प्युटरला जोडणारं छोटं बोर्ड, आणि भंगारातून आणलेला १.२ एमबीचा ड्राइव्ह. त्याला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात, म्हणून जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय (एसएमपीएस) टेबलाखाली घुमत असतो. ग्रीझवीझल सेक्टर (डेटाचे ठरावीक तुकडे) न बघता चकतीवरचे चुंबकीय बदलच टिपून ठेवतं, त्यामुळे चकती एकदाच फिरवायची, डोकेफोड नंतर सावकाश.

मंगळवारी सव्वापाच इंचींतल्या एका ३६० केबीवालीचा बूट सेक्टर, म्हणजे मशीन सुरू होताना आधी वाचला जाणारा भाग, विचित्र दिसला. तिची इमेज (पूर्ण नक्कल) व्हायरससाठी स्कॅन केली तर निघाला जोशी! ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: १९९० साली भारतात सापडलेला व्हायरस. ५ जानेवारीला मशीन चालू केलं की 'हॅपी बर्थडे जोशी' टाइप करेपर्यंत अडून बसायचा. स्वतःला लपवायला तो फ्लॉपीवर एक जादा ट्रॅक (चकतीवरचं डेटाचं गोल वर्तुळ) फॉरमॅट करतो. मी नेहमीप्रमाणे ४०च ट्रॅक वाचले होते. एक्केचाळिसावा वाचला तर खरंच भरलेला. बाबांना सांगितलं तर ते हसायलाच लागले. "अरे, आमच्या ऑपरेटरचं आडनाव नेमकं तेच. दिवसभर सगळे त्याच्याकडे पेढे मागत होते."

त्याच फ्लॉपीवर एक छोटी फाइल होती, उघडली तर नुसता कचरा. पहिले चार बाइट १६५, २०४, १८४, २२५. बाबांच्या ऑफिसात जिस्ट कार्ड (कॉम्प्युटरवर भारतीय लिप्या आणणारं कार्ड) होतं हे आठवलं आणि इस्कीचा, म्हणजे भारतीय लिप्यांच्या युनिकोडआधीच्या आकडे-संकेताचा, तक्ता काढला. १६५ म्हणजे आ, मग म, मग च, २२५ ही मात्रा. आमचे. पुढचं बघायची गरजच नव्हती: 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. बाकीचं यूकॉन्व्ह या रूपांतराच्या प्रोग्रॅमने दोन सेकंदांत युनिकोडमध्ये आलं. आत्याच्या लग्नाची पत्रिका!

पेटीत तिचं डॉट मॅट्रिक्सवर काढलेलं प्रूफही आहे, कडेला भोकांच्या पट्ट्यांसकट. त्यावर 'शुभवीवाह'मधल्या दीर्घ वीला बाबांनी लाल पेनने गोल केलाय. फाइलमध्ये वी अजून दीर्घच आहे. म्हणजे दुरुस्त केलेली प्रत दुसऱ्या फ्लॉपीवर गेली. लग्न मे महिन्यातलं. ती दुसरी फ्लॉपी कुठली, ते ओळखलंत ना? ओरखडा एकाच बाजूला आहे, दुसरी बाजू येत्या रविवारी धुऊन बघतो.